शेती अनुदान कुणाला मिळाले, हे गावाला कळू शकते का?

प्रश्न : आमच्या वाडीत काहींना पीएम किसानचे पैसे येतात, काहींना नाहीत. काजू-आंबा लागवडीचे अनुदान कुणाला मिळाले, तेही समजत नाही. विचारले की ‘ही लोकांची खासगी बाब’ असे ऐकायला मिळते. हे खरे का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते, की अनुदानाची योजना कशी राबवली, तिला किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे सरकारी कार्यालयाने कुणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचे आहे.

खासगीपणाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण तो भलत्या ठिकाणी लावला जातो. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल नंबर झाकलेच पाहिजेत. नाव, गाव, योजना आणि रक्कम मात्र सरकारी तिजोरीच्या हिशेबाचा भाग आहे. युरोपातही हा वाद झाला. शेतकऱ्यांची नावे सरसकट जाहीर करण्याचा नियम तिथल्या न्यायालयाने 2010 मध्ये रद्द केला. पुढे 2013 च्या नियमाने लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून याद्या पुन्हा खुल्या झाल्या.

मग सगळे गुपचूप चालते असे का वाटते? राज्याने 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना आणली, तेव्हा वरकस जमिनीवर उभी राहिलेली कलमे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती. आता पैसे थेट खात्यात जमा होतात. मधला माणूस गेला, हे उत्तमच झाले. पण कुणाला काय मिळाले, हे शेजाऱ्यालाही दिसेनासे झाले आणि शंकेला जागा मिळाली.

त्यातल्या बऱ्याच शंका नियम वाचला की मिटतात. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये एका कुटुंबाला 2000 च्या तीन हप्त्यांत मिळतात. इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. सुरुवातीची दोन हेक्टरची अट 2019 मध्येच काढली, त्यामुळे मोठ्या बागायतदाराला पैसे आले म्हणून गैरप्रकार झाला असे होत नाही. तो प्राप्तिकर भरत असेल, तर मात्र अपात्र ठरतो.

कोकणात खरी अडचण सातबाऱ्यावर आहे. एका गटाला वीस-पंचवीस सहहिस्सेदार, आजोबा जाऊन वर्षे लोटली तरी वारस नोंद नाही, आणि जमीन कसणारा पुतण्या कागदावर कुठेच नाही. योजना 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन कुणाच्या नावावर होती, हे पाहते. त्यानंतर वारसाहक्काने नाव लागले असेल तर सूट आहे. म्हणून मुंबईतल्या भावाला हप्ता येतो आणि गावी राबणाऱ्याला येत नाही, असे घडू शकते. नियमाला धरून असले, तरी कसणाऱ्यावर हा अन्यायच आहे आणि त्यावर उपाय वारस नोंद हाच. नाव असूनही हप्ता थांबला असेल, तर ई-केवायसी आणि आधार जोडलेले खाते आधी तपासा.

यादी कुठे पाहायची? पीएम किसानच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून लाभार्थ्यांची नावे पाहता येतात. फळबाग, ठिबक किंवा अवजारांच्या अनुदानासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा. तिथे यादी लावलेली नसेल, तर 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. गाव, वर्ष आणि योजना सांगून लाभार्थ्याचे नाव, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम आणि तारीख मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. मुदत मोजायला तीच कामी येते.