घूं कुठून येतो?

प्रश्न : माझे वडील झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवत. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्र-रात्र झालेल्या प्रयोगांच्या कॅसेटी घरात पडून आहेत. त्या मी लॅपटॉपवर उतरवून ठेवतो आहे. पण लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून एकसारखा 'घूंऽऽ' येतो. चार्जर काढला की बंद, लावला की सुरू! दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकून दिली. पैसे गेले, घूं राहिला. हा येतो तरी कुठून?
— एक वाचक, वडसा (जि. गडचिरोली)

उत्तर : चंद्रपूरहून! थट्टा नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. देशभरची मोठी जनित्रे एकाच ग्रिडला जोडलेली असल्याने सगळी याच ठेक्यावर चालतात आणि घरातली वीजही सेकंदाला ५० हेलकावे घेते. तो ठेका स्पीकरच्या तारेत शिरला की घूं ऐकू येतो. लहान स्पीकरला ५० चा खर्ज झेपत नाही. कानावर पडतात ती मुख्यतः त्याच्या दुपटीची, म्हणजे १०० आणि त्यावरची कंपने. वडिलांच्या पेटीला खर्जाचे सूर असतील तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून पाहा. ती साधारण ९८ कंपनांची. घूं तिच्याहून केसभर चढा लागेल.

आता तो शिरतो कुठून ते शोधू. लॅपटॉपचा आवाज पूर्ण म्यूट करा. घूं तसाच राहिला, तर विंडोज निर्दोष. मग लॅपटॉपमधली पिन काढून चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलमध्ये खोचा. शांत झाले? अ‍ॅम्प्लिफायरही सुटला. उरला चार्जर, पण तोही बहुधा बिघडलेला नसतो. खरी गोम असते अर्थिंगमध्ये, आणि तिचे दोन प्रकार.

पहिला : चार्जर एका खोलीतल्या बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या. दोघांच्याही तिसऱ्या पिना जमिनीला जोडलेल्या, आणि वर आवाजाच्या तारेची जाळी दोघांना जोडते. झाला गोल पूर्ण! दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक असला तरी त्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला तो प्रवाह कोणता आणि पेटी कोणती हे कळत नाही. तो दोन्ही वाढवून देतो. उपाय सोपा : दोन्ही पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा.

दुसरा प्रकार नेमका उलटा : अर्थिंगच नाही. कुणी तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावलेला असतो, किंवा अंगणातला अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो. चार्जरमधून थोडीशी वीज नेहमीच अर्थच्या वाटेने झिरपते. ती वाट बंद झाली की ती आवाजाच्या तारेतून जाते. खूण अशी : लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट अलगद फिरवले की झिणझिण्या येतात, आणि तारेच्या धातूच्या टोकाला हात लागला की घूं बदलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडे ठणठणीत होतात. दोन बादल्या पाणी ओतून पाहा. तरी फरक नसेल, तर वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

काही जण तिसरी पिनच कापतात. घूं थांबतोही, पण ज्या दिवशी आत तार सुटेल, त्या दिवशी यंत्राच्या अंगात करंट उतरेल. हा उद्योग करू नका. दोन्ही उपाय हरले, तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी तारेच्या मध्ये बसवा. तिच्यातल्या दोन चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पलीकडे जातो, पण धातूला धातू लागत नाही, त्यामुळे गोल तुटतो.

कॅसेट उतरवताना मात्र चार्जर काढून बॅटरीवरच काम करा. रेकॉर्डिंगमध्ये बसलेला घूं नंतर फिल्टर लावून छाटता येतो. पण १०० च्या आसपासचे छाटताना, घूंला खेटून बसलेली वडिलांची पांढरी पाचही त्याच्याबरोबर जाईल.