मीटरमागे आठ आणे

व्यापारी बंधूंनो, कापडाचा भाव करताना आपण सूत पाहतो, पन्हा पाहतो, पिक मोजतो. हे कापड विणणाऱ्याला हफ्त्याला किती मिळाले, एवढेच विचारत नाही. ही बाब मागवाल्याची आहे, आपला तिच्याशी संबंध नाही, असे आपण धरून चालतो. संबंध आहे, आणि तो कसा ते या लेखात पाहू.

पुरेशी मजुरी कशाला म्हणावे?

राज्यघटनेच्या 43 व्या कलमात 'निर्वाह वेतन' हा शब्द आहे. माणसाला नुसते जगता नव्हे, तर नीट राहता यावे एवढी कमाई व्हावी, असा त्याचा अर्थ. त्याच्या खालची पायरी किमान वेतनाची. 1957 साली 15 व्या भारतीय श्रम परिषदेने तिचा हिशेब मांडला: एका कमावत्यामागे तीन मोठ्या माणसांइतका आहार, घरभाडे, सरपण-दिवाबत्ती आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठीही वेतनात 25 टक्के वाटा असावा.

आता आपल्या धंद्याचे गणित

समजा, साध्या मागावर बारा तासांच्या पाळीत 30 मीटर कापड निघते आणि एक कारागीर आठ माग सांभाळतो. म्हणजे पाळीला 240 मीटर. 72 वार म्हणजे सुमारे 66 मीटर. एका कुटुंबाचे वर्षभराचे कापड हा माणूस साडेतीन तासांच्या आत विणतो! तेवढे कापड त्याच्या स्वतःच्या घरात वर्षभरात जाते का, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या कारागिराला विचारावे.

आता मीटरमागे आठ आणे, म्हणजे 50 पैसे, वाढवा आणि ते पूर्ण त्याच्या हाती पडू द्या. दिवसाला 120 रुपये होतात, 26 दिवसांचे 3,120 रुपये. सदऱ्याला सव्वादोन मीटर कापड लागते असे धरले, तर गिऱ्हाइकावर बोजा पडतो 1 रुपया 12 पैशांचा. तिकडे एका घराची शाळेची फी आणि दवाखाना निघतो, इकडे सदरा घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पैसे कुठे अडतात?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथले बरेच मागवाले स्वतःचे सूत घेत नाहीत. व्यापारी सूत देतो, ते मजुरीवर कापड विणून देतात. अशा मागवाल्याला आपण मीटरमागे चार आणे तोडले, तर तो ते कुठून काढणार? विजेचे बिल कमी होत नाही. जागेचे भाडे कमी होत नाही. कमी करता येते ती फक्त कारागिराची मजुरी आणि कांडी भरणाऱ्या बायकांचे पैसे. आपण मागवाल्याशी घासाघीस करतो, पण कापले जाते ते ज्याला आपण पाहिलेलेही नाही त्याचे.

उधारीचेही तेच. आपण तीन महिने पैसे थकवले, तरी कारागिराचा हफ्ता दर आठवड्याला येतोच. मग मालक व्याजाने पैसे उचलतो, नाही तर हफ्ता लांबवतो.

ही चूक आमच्या हातून झालेली आहे. एका मागवाल्याकडून आम्ही अनेक वर्षे कापड घेत होतो. त्याचा भाव थोडा चढा असे, पण त्याचे कारागीर टिकून होते आणि माल एकसारखा येई. दुसऱ्याने 40 पैसे कमी सांगितले, आम्ही तिकडे वळलो. चौथ्या खेपेपासून पिक कमी, धागे सुटलेले, ठाणे परत येऊ लागली. जुन्याकडे परत गेलो तोवर त्याने निम्मे माग भंगारात काढले होते. आमची बचत परत आलेल्या मालात गेली. त्या कारागिरांचे काय झाले, हे आम्ही तेव्हा विचारलेदेखील नाही.

मग करायचे काय?

1. माल घेण्याआधी मागावर जाऊन पाहा. हफ्त्याचा दिवस ठरलेला आहे का? कारागिराला हिशेबाची चिठ्ठी मिळते का? बीम संपल्यावर किंवा वीज गेल्यावर रिकाम्या वेळेचे काही देतात का? उचल दिलेला कारागीर काम सोडून जाऊ शकतो का? कुठे लहान मूल कामावर दिसते का? या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा आपला माणूस समजा.

2. अशा मागवाल्याला थोडे पण नियमित काम द्या. एकदा मोठी ऑर्डर आणि मग चार महिने काहीच नाही, यात कारागीर टिकत नाही.

3. पैसे वेळेवर द्या. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 2023 च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली: मुदत चुकली, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरला जातो. मागवाल्यांनी आपली उद्यम नोंदणी करून घ्यावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा.

4. भाव वाढवून दिला तर वाढ कारागिरापर्यंत पोचली का, हे पुढच्या फेरीत पाहा. नाही तर ती मध्येच मुरते.

सगळेच मागवाले मजुरी दाबतात असे नाही. आठ-दहा मागांचा मालक पुष्कळदा स्वतःच पाळी चालवतो आणि त्याच्याही घरात ओढाताण असते. म्हणूनच सुरुवात खरेदीदाराने करायची.

शेवटी एक गोष्ट. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. रमजानमध्ये आपण याच मोहल्ल्यांत शिधा वाटतो, वाटलाच पाहिजे. पण वर्षभर मीटरमागे कापलेले चार आणे शिध्याच्या पिशवीने फिटत नाहीत. तो त्याचा हक्क होता, आपली खैरात नव्हे. येत्या खरेदीला भाव करताना एवढे ध्यानात ठेवू या.