गावोगावच्या नोंदी

विद्यार्थी मित्रांनो, खोपोलीजवळचा शिळफाटा तुम्हांला ठाऊक आहे का? हे ठिकाण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. कर्जत-खालापूरकडच्या माणसाला कर्करोग झाला, तर त्याला या रस्त्याने मुंबईला नेता येते. तेथे परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. पण ज्यांच्या गावापासून मुंबई शेकडो किलोमीटर दूर आहे, त्यांनी काय करावे?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आले. संशोधन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा येते. बार्शीचे संशोधन मात्र साध्या नोंदींपासून सुरू झाले. कोणता रोग किती लोकांना होतो, हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. म्हणून १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत कर्करोगाच्या नोंदी ठेवणे सुरू झाले. ग्रामीण भागातील ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी होय. डॉ. कस्तुरी जयंत यांचा या कामात मोठा वाटा होता.

खेड्यातील अनेक रोगी दवाखान्यात जातच नसत. मग त्यांची नोंद कशी होणार? कार्यकर्ते गावोगाव फिरले. त्यांनी लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि ज्यांना त्रास होता त्यांना तपासणीसाठी आणले. हळूहळू लोकांची भीती कमी झाली. रोग वाढण्याआधीच स्त्रिया तपासणीला येऊ लागल्या.

तेथील स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जास्त आढळला. हा रोग सावकाश वाढतो. वेळेवर सापडला तर बरा होतो. तो शोधण्यासाठी कोणती तपासणी चांगली, हे पाहण्यासाठी १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा होती. आठ वर्षांनी मोजणी झाली. चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. ज्या गटात रोगाच्या विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, तेथे ३४ दगावल्या होत्या.

हा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच तपासणी सर्वप्रथम करावी, असे सुचवले.

मित्रांनो, ही माहिती जगाला मराठवाड्यातील खेड्यांतल्या स्त्रियांनी दिली. जेथे रोग आहे तेथेच त्याचा अभ्यास व्हावा, म्हणजे उपायही तेथील लोकांना परवडेल असा सापडतो. तुमच्या दारी कोणी आरोग्याची माहिती विचारायला आले, तर ती खरी व पूर्ण सांगा. त्या एका नोंदीने कोणाचा तरी जीव वाचू शकेल.

शब्दार्थ
कर्करोग – सरतान
संशोधन – तहकीक
लक्षण – अलामत
दगावणे – मरण पावणे
निष्कर्ष – नतीजा

स्वाध्याय
१. बार्शी भागात नोंदी ठेवण्याचे काम कोणत्या साली सुरू झाले?
२. कार्यकर्त्यांना गावोगाव का फिरावे लागले?
३. उस्मानाबादच्या अभ्यासातून काय कळले? तुमच्या शब्दांत लिहा.