उठताच डोळ्यांपुढे अंधारी

प्रश्न : वय ६४. बारा वर्षे मधुमेह, शिवाय बीपीच्या दोन गोळ्या. पहाटे अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर उतरत असेल का?

उत्तर : ताई, तेही शक्य आहे, अंधारी येताच ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पण तुम्हाला हे उठतानाच होतं, म्हणून माझा पहिला संशय रक्तदाबावर. जुन्या मधुमेहात नसा कमजोर होतात, उभं राहताना रक्तवाहिन्या वेळेवर आवळत नाहीत. आधी आडवं असताना, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत बीपी मोजून घ्या. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या परस्पर बंद करू नका. शुद्ध हरपली किंवा छातीत धडधडलं, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.