पत्ता नसलेले वाचक

ग्रंथालयाचे सभासद होऊ इच्छिणाऱ्यास सर्वप्रथम आपला पत्ता सांगावा लागतो. आपल्याकडील वाचनालयांत त्यापुढे अनामत रक्कम भरावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी एखाद्या जुन्या सभासदाची जामीनदार म्हणून सहीही आणावी लागते. हा प्रघात इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात काही विचार करण्याजोगे असेल असे आपल्याला वाटत नाही. तथापि ज्याला पत्ताच नाही अशा माणसाने पुस्तक मागितले तर काय करावे? अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी, २०११ साली ‘स्ट्रीट बुक्स’ नावाचे एक ग्रंथालय सायकलीवर सुरू झाले. ह्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर ह्या प्रकरणात पाहावयाचे आहे.

पत्त्याची अट कोणी दुष्टाव्याने घातलेली नाही. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना स्थानिक कराचा आधार मिळाला आणि अमेरिकेतील ग्रंथालयेही मुख्यतः स्थानिक करावरच उभी राहिली. ज्या गावाने कर भरला त्या गावच्या रहिवाशांनी पुस्तके न्यावीत, हे ओघाने आलेच. रहिवासी कोण, हे पत्त्यावरून ठरले. शिवाय पुस्तक परत न आल्यास स्मरणपत्र धाडायला कोठेतरी धाडावे लागते. अशा रीतीने हिशेबाची एक सोय हळूहळू वाचकाच्या लायकीची कसोटी होऊन बसली.

फिरते ग्रंथालय ही कल्पना मात्र नवी नाही. इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन येथे १८५८ साली घोड्याच्या गाडीतून पुस्तके फिरू लागली. अमेरिकेत मेरिलंड राज्यातील हेगर्सटाउन येथील ग्रंथपाल मेरी टिटकम ह्यांनी १९०५ मध्ये शेतकऱ्यांच्या दारापर्यंत पुस्तकांची गाडी नेली. ज्या १९३१ साली रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत पुस्तकरूपाने आले, त्याच वर्षी तमिळ प्रदेशातील मन्नारगुडी भागात बैलगाडीतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली होती. ह्या सर्व गाड्यांनी अंतर कापले ते मैलांचे. वाचकाला घर होते. ते फक्त दूर होते.

पोर्टलंडमध्ये मैलांचा प्रश्नच नव्हता. शहराच्या मध्यभागी १९१३ साली बांधलेली मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत आहे. शहरातील संपूर्ण एक चौक व्यापणारे पॉवेल्स हे पुस्तकांचे प्रचंड दुकानही तेथून फार लांब नाही. असे असूनही त्या परिसरातील पुलांखाली आणि दुकानांच्या वळचणीला झोपणाऱ्या माणसांच्या हाती पुस्तक पडणे अवघड होते. ओळखपत्र हरवलेले, सगळा संसार दोन पिशव्यांत भरलेला, त्या पिशव्या सोडून आत जाववत नाही आणि बरोबर घेऊन गेले तर लोक वळून पाहतात, अशा माणसाला ग्रंथालयाच्या पायऱ्या फार उंच वाटतात.

हा संकोच निव्वळ मनाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. न्यू जर्सी राज्यातील मॉरिसटाउन येथे एका बेघर वाचकाला ग्रंथालयातून बाहेर काढल्यावरून मोठा खटला झाला. १९९१ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. वर्तन आणि स्वच्छता ह्यांविषयी वाजवी नियम करण्याचा ग्रंथालयाला अधिकार आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. परंतु माहिती मिळविणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क असल्याचेही त्याच निकालात मान्य केले. हक्क मान्य आणि दार मात्र नियमांनी अरुंद, अशी ही स्थिती होती. नंतरच्या काळात अनेक ग्रंथालयांनी निवारागृहाचा पत्ता ग्राह्य धरण्यास सुरुवात केली आणि २०१९ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराबद्दलचा दंड रद्द केला, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

‘स्ट्रीट बुक्स’ची स्थापना लॉरा मोल्टन ह्या लेखिका आणि कलावंत बाईंनी केली. आरंभी तो एका उन्हाळ्यापुरता, कलेसाठी मिळालेल्या अनुदानातून केलेला प्रयोग होता. सायकलीला जोडलेल्या पेटीत मावतील तेवढी पुस्तके घ्यावयाची, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी उभे राहावयाचे आणि मागेल त्याला पुस्तक द्यावयाचे, एवढीच योजना. उन्हाळा संपला, पण प्रयोग थांबला नाही. त्याची रीतसर संस्था झाली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ही पुस्तके फुकट वाटून टाकणे अधिक सोपे झाले असते. पण बाईंनी ती वाटली नाहीत, वाचावयास दिली. पुस्तकाच्या आत जुन्या पद्धतीचा कागदी खिसा आणि त्यात कार्ड. वाचकाने कार्डावर नाव लिहावयाचे आणि पुस्तक न्यावयाचे. पत्ता विचारला जात नाही, ओळखपत्र मागितले जात नाही, परतीची तारीख नाही, दंड नाही. वाचून झाल्यावर जमेल तेव्हा आणून द्यावे, एवढी अपेक्षा. दान घेणारा घेऊन निघून जातो आणि तेथे व्यवहार संपतो. उसने नेणारा पुन्हा येणार असे गृहीत धरलेले असते. दिवसभर ‘येथून उठा’ एवढेच ऐकणाऱ्या माणसाला ‘पुन्हा या’ असे सांगणारी ही पद्धत आहे, आणि ती त्या लहानशा कार्डावर उभी आहे.

अनुवाद करताना ह्या वाचकांना काय म्हणावे, असा प्रश्न पडला. ‘बेघर’ हा शब्द रूढ आहे, पण तो माणसाजवळ काय नाही एवढेच सांगतो. संस्थेचे लोक ‘बाहेर राहणारे’ असे म्हणतात. मराठीत संसार ‘उघड्यावर पडतो’ तेव्हा त्यात सर्वनाशाचा सूर असतो. म्हणून पडण्याऐवजी राहणे हे क्रियापद स्वीकारून ‘उघड्यावर राहणारे’ असा शब्दप्रयोग पुढे केला आहे.

उघड्यावर राहणाऱ्याचे वाचन कसे चालते ह्याची कल्पना घरात बसून येत नाही. पोर्टलंडला शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पावसाची रिपरिप असते, आणि तंबूत ओल शिरली की पहिल्यांदा कागद फुगतो. जड बांधणीचा ग्रंथ पाठीवर वाहून नेणे परवडत नाही. कागदी बांधणीचे पुस्तक कोटाच्या खिशात जाते. शिवाय चष्मा हरवला किंवा फुटला तर पुस्तक असून नसल्यासारखे. म्हणून ह्या सायकलीवर पुस्तकांबरोबर वाचण्याचे चष्मेही ठेवले जातात.

आणि वाचक काय मागतात? अशा माणसांना सोपे, उपदेशपर असे काही द्यावे, ही सद्‌भावी मंडळींची नेहमीची समजूत. पहिल्या उन्हाळ्यात बेन हॉजसन नावाच्या वाचकाने पी. जी. वुडहाउस ह्यांच्या पुस्तकांची चौकशी केली. इंग्रज उमरावांच्या हवेल्यांतील गमतीजमती वाचण्याची इच्छा फुटपाथवर राहणाऱ्याला होऊ नये असे थोडेच आहे! पुढे हॉजसन ह्या संस्थेच्या कामात सहभागी झाले आणि मोल्टन ह्यांच्यासमवेत त्यांनी ग्रंथालयाच्या घडणीवर ‘लोनर्स’ हे पुस्तक लिहिले. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाचकाला पत्ता नसल्यामुळे तो ग्रंथालयाला असावा लागतो. सायकल फिरती असली तरी तिची जागा आणि वेळ ठरलेली असते ती ह्याच कारणाने; वाचक तिला शोधत येतो. त्याचा मुक्काम मात्र कोणत्याही सकाळी हलविला जाऊ शकतो. ऑरेगन राज्याच्याच दक्षिण भागातील ग्रँट्स पास ह्या शहराने सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपण्यास घातलेल्या बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२४ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला, की अशी बंदी अमलात आणणे ही घटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. मुक्काम उठवला जातो तेव्हा अंथरूण आणि औषधे ह्यांच्याबरोबर खिशात न राहिलेले पुस्तकही जाते. त्या पुस्तकाची भरपाई वाचकाकडून मागितली जात नाही. ठरलेल्या दिवशी तो सायकलीपाशी येतो आणि दुसऱ्या कार्डावर नाव लिहितो.