निवृत्ती मनाची, हातांची नव्हे



निवृत्ती हा शब्द आपल्याला परका नाही. ज्ञानोबारायांच्या थोरल्या भावाचे, त्यांच्या गुरूंचे तेच नाव. मन विषयांपासून मागे फिरले म्हणजे निवृत्ती, असा त्याचा अर्थ आपण कीर्तनांतून ऐकत आलो. पुढे सरकारी कचेऱ्यांनी, शाळांनी आणि कारखान्यांनी हाच शब्द उचलला आणि त्याला आपला अर्थ लावला. ५८ किंवा ६० वर्षे पुरी झाली, आता हातातले काम खाली ठेवा, हा तो अर्थ. या दोन अर्थांची गल्लत झाली की घरात काय होते आणि ती गल्लत कशी सोडवावी, हा या महिन्याच्या पाठाचा विषय आहे.

उदाहरणासाठी आपण मालवणचा किनारा घेऊ. देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुडाळ या बाजूच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला चाकरीस गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी पोस्टात, कोणी पोलिसांत. पूर्वी बोटीने, मग एस.टी.ने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने त्यांचे येणे-जाणे चालले. गणपती आणि शिमग्याला येणारा हा चाकरमानी शेवटी कायमचा येतो तो निवृत्त होऊन. सगळ्यांनाच मानाने निवृत्त होता आले असेही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर कित्येक गिरण्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. अनेक जण पेन्शनीवाचून, ऐन उमेदीत गावाला परतले. त्यांना रिकामे बसणे परवडणारेच नव्हते. त्यांनी कोयता, कुदळ हाती घेतली आणि ओस पडलेल्या वाड्या पुन्हा शिंपल्या. पेन्शनवाल्याची गोष्ट निराळी. त्याच्या हाताला काम नसले तरी चूल पेटते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अवघड आहे.

पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. भेटीगाठी होतात, ताजे मासे होतात, माळकरी असेल तर काळ्या वाटाण्याची उसळ नि सोलकढी होते. महिन्याभराने माणूस ओटीवरच्या खुर्चीत रुततो. सकाळी चहा, नऊला दुसरा चहा, पेपर कुठाय, पाणी तापलं काय, दुपारी जेवण एकाला का नाही, सव्वाला का? घरातल्या बाईच्या अंगावर आजवर जेवढे काम होते त्यात एका माणसाची दिवसभराची सरबराई वाढते. त्याला विचारावे तर तो म्हणतो, "माका आता कसला काम? पेन्शन येता, देवाचा नाव घेतंय." आणि मागील दारी ती शेजारणीला म्हणते, "ह्येंका परत मुंबयक धाडा गे, कोणी तरी!"

हसण्यावारी नेले तरी या बोलण्यात एक कडू सत्य आहे. निवृत्ती पुरुषाला मिळते, बाईला मिळत नाही. साठी उलटली तरी चूल, विहीर, गोठा यांतून तिला कोणी निवृत्त करत नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचेही तेच. त्यांची एक नोकरी सुटते आणि जी दुसरी पहाटे-संध्याकाळी चालू होती ती दिवसभराची होते.

"देवाचा नाव घेतंय" हे जे उत्तर आहे, त्याचा आपण वारकऱ्यांनी विशेष विचार केला पाहिजे. नाम घ्यावे, हरिपाठ म्हणावा, यात दुमत नाही. परंतु आपल्या नामासाठी दुसऱ्याने पाणी भरावे, असे कोणत्या संताने केले? सावतामहाराज अरणला मळा राखीत होते. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ पर्यंत, देह ठेवीतो ते त्या मळ्याचेच राहिले. आजही आषाढात पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला त्यांच्या भेटीस जाते. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर थांबविले, कारण हाती आईबापांची सेवा होती. आणि जनाबाईची कथा तर लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या कथेत देव जनाबाईला "जाते सोड आणि माझे भजन कर" असे म्हणत नाही. तो स्वतः जात्याचा खुंटा धरतो. नाम तिचे चालू राहते, दळण दोघांचे होते. जिथे देवाला घरचे काम हलके वाटले नाही, तिथे पेन्शनवाल्याने कसला कमीपणा मानावा?

यावरून निवृत्तीतल्या कामाला एक साधी कसोटी लावता येते. हे काम मी केले तर घरातल्या कोणाच्या डोक्यावरचा भार उतरतो? उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर काम खरे. कोणाचेच नाव आले नाही तर तो विरंगुळा. विरंगुळा वाईट नव्हे, पण त्याने दिवस भरत नाही. आता कोकणच्या वर्षात अशी कामे कोणती, ती क्रमाने पाहू.

पाऊस सरला, भात कापून झाले की कार्तिकात खळे धरावे. अंगणातले गवत काढावे, माती पसरून पाणी मारावे, चोपून सपाट करावे आणि शेणाने सारवावे. पुढचे सहा-सात महिने घराचे सगळे वाळवण याच खळ्यावर होते. वर चुडतांचा मांडव घातला की सावलीही झाली. म्हाताऱ्याने खांब रोवण्याचा हट्ट धरू नये, तो तरुणांना करू द्यावा. पण चुडते विणून ठेवणे, दोर वळणे ही बसून करायची कामे आहेत.

मार्गशीर्षात शेताची ओल आहे तोवर कुळीथ, चवळी पेरतात. घरामागे चार वाफे करून लाल माठ, मुळा, वाल लावावा. न्हाणीचे पाणी चर खणून केळी-माडांकडे वळवावे. भाजी दारात आली की बाजाराची एक फेरी वाचते. ही फेरी कोणाची होती, ते आपल्याला ठाऊकच आहे.

माघ-फाल्गुनात हीर काढावेत. माडाचे झाड वर्षाला साधारण बारा चुडते टाकते आणि एका चुडतास दोनशे-अडीचशे पात्या असतात. प्रत्येक पातीच्या मधली शीर म्हणजे हीर. सुरीने पातीचा हिरवा भाग दोन्ही बाजूंनी सोलावा, हीर दोन दिवस उन्हात घालावेत आणि मूठ भरली की बुडाशी घट्ट बांधावे. ही झाली अंगणाची वाढवण. हात सोलत असतात आणि तोंड मोकळे असते. हरिपाठाचे सत्तावीस अभंग होईतो हिरांची चांगली जुडी तयार होते. नामाला निराळी सवड लागत नाही, ती अशी.

चैत्र-वैशाख म्हणजे आगोटीची घाई. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी या दोन महिन्यांत व्हायची असते. त्यात मोठे काम सोलांचे, म्हणजे आमसुलांचे. रातांबे धुऊन फोडावेत, गर आणि बिया एका भांड्यात काढाव्यात, साली उन्हात घालाव्यात. गराच्या रसात मीठ घालावे. सुकत आलेल्या साली संध्याकाळी त्या रसात बुडवाव्यात, सकाळी परत उन्हात. असे रोज पुट देत गेले की साल काळपट, मऊ आणि टिकाऊ होते. बिया फेकू नयेत. सुकवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते आणि निवल्यावर घट्ट होते. तेच भिरंडेल, टाचांच्या भेगांवरचा घरचा उपाय. या कामात कष्टापेक्षा राखण जास्त. उन्हे फिरली की सुपे-चटया फिरवायच्या, कोंबड्या हाकलायच्या, वळवाचे ढग दिसले की धावत सगळे आत घ्यायचे. चुलीपाशी उभी असलेली सून हे करते तेव्हा तिचा एक डोळा भातावर आणि एक आभाळावर असतो. ओटीवरची खुर्ची उचलून खळ्याच्या कडेला ठेवली आणि आजोबांनी आभाळ सांभाळले, तर खुर्ची तीच राहते, पण सुनेचा एक डोळा मोकळा होतो.

ज्येष्ठात घराचे पन्हळ साफ करणे, लाकडे मांगरात रचणे, विहिरीभोवतीचा पालापाचोळा काढणे. मग लावणी. लावणीच्या चिखलात वय झालेल्याने उतरलेच पाहिजे असे नाही. शेतावर पेज पोचविणे, घरी नातवंडे सांभाळणे, गुरांना वैरण टाकणे, यांनीही एका माणसाचे हात सुटतात. त्या सुटलेल्या हातांनी एखाद्या वर्षी आषाढीला पंढरीची वाट धरली, तर ती वारी घरी राहिलेल्यालाही पावली असे समजावे.

पावसाच्या तोंडावर आणखी एक काम आहे, झाड लावण्याचे. "आता लावून मला काय खायला मिळणार?" असे साठीचा माणूस म्हणतो. हिशेब करून पाहा. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरू लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती आज घरोघरी आहेत. रातांब्याचे झाड बीपासून लावले तर सात-आठ वर्षे लागतात, आणि ते नर निघाले तर फळच येत नाही, कारण रातांब्यात नर-मादी झाडे वेगळी असतात. म्हणून रोपवाटिकेतून मादी झाडाचे कलम आणावे. माड लावताना दोहोंत पंचवीस फूट अंतर ठेवावे. त्याचे नारळ आपण खाऊच, पण तो साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक फळ देतो. म्हणजे आज लावणाऱ्याच्या नातवाला त्याचे म्हातारपणी नारळ मिळतील.

भार उतरविण्याचे शेवटचे काम हातांपेक्षा स्मरणाचे आहे. आपल्याकडे जमिनी बहुधा सामाईक, एका सातबारावर दहा-पंधरा नावे, त्यांतली निम्मी माणसे देवाघरी गेलेली. कोणता बांध कोणाचा, कोणत्या फणसाचा वाटा कोणाचा, विहिरीवर हक्क कोणाकोणाचा, हे जाणत्यांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. मागे राहते ती भावकीची भांडणे आणि कज्जे. निवृत्त माणसाला लिहिण्याची सवय असते, वेळही असतो. एक वही करावी. त्यात हद्दी, झाडे, देणी-घेणी लिहावी, वारसांच्या नोंदी करून घ्याव्या आणि लिहिताना भावांना शेजारी बसवावे. एकट्याने लिहिलेली वही पुढे भांडणाचे कारण होते, चौघांसमोर लिहिलेली भांडण मिटविते.

जे हाताला येते ते कोणाला तरी शिकवूनही ठेवले पाहिजे. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हातांनी रंगविलेली गोल पाने, ही कला विसाव्या शतकात संपत आली होती. पुंडलिक चितारी नावाचे वयोवृद्ध कारागीर ती जाणत होते. संस्थानचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, आणि आजही राजवाड्यात ती पाने रंगविली जातात. म्हातारपणी शिकविणारा आणि त्याच्यापुढे बसणारा, दोघे भेटले म्हणून कला वाचली. आपल्या घरातही असे काही असतेच. गणपतीच्या माटवीला कवंडळ कुठे मिळते, हरणाचे फूल कोणते, चुडत कसे विणावे, पुट किती द्यावे, हे नातवंडांना सांगायला शाळेचे पुस्तक नाही, आपणच आहोत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. माडावर आणि कौलांवर चढण्याचे वय गेले, हे मान्य करावे. नारळ पाडेली पाडील, आपण खाली दूर उभे राहून मोजावे. पडून हाड मोडले तर ज्यांचा भार उतरवायचा त्यांच्याच खांद्यावर आपण बसतो. काजूच्या कच्च्या बिया फोडताना हातांना तेल लावावे, टरफलातला चीक कातडी भाजतो. आणि काम अंगावर घेतले म्हणून हुकूम सोडू नयेत. मुंबईत आपल्या हाताखाली दहा माणसे असतील, इथे आपण नवखे उमेदवार. "हे कसं करतेस, मला दाखव," असे घरच्या माउलीला विचारावे. तेवढे विचारता आले की मनाची निवृत्ती थोडी साधली असे समजावे, कारण पदाचा अभिमान सुटणे हीच तिची पहिली पायरी.

या महिन्याचा अभ्यास असा. एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातली बाई काय काय करते ते, न बोलता, कागदावर लिहून काढा. किती कामे झाली ते मोजा. त्यांतले एक काम, एकच, उद्यापासून आपल्या अंगावर घ्या आणि पुढच्या एकादशीपर्यंत एक दिवसही चुकवू नका. एकादशीला तिला भजनाला पुढे बसवा, आणि चहा तुम्ही ठेवा.

रामकृष्ण हरि.