जुन्या गाडीची काच गळते? आधी पत्रा पाहा

प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर अशा जुन्या गाड्यांची पुढची काच रबरात बसवलेली असते. ती गळू लागली की वरून सिलिकॉन फासू नये. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर पत्राच गंजवते. एकाने बाहेरून खालून वर हळूहळू पाणी सोडावे, दुसऱ्याने आत बसून ओल कोठून येते ते पाहावे. रबर मऊ असेल तर जागा सुकवून त्याच्या कडेखाली मऊच राहणारे सीलंट भरावे. रबर कडक झाले किंवा पत्रा फुगला असेल तर काच उतरवून गंज घासावा, प्राइमर व रंग द्यावा, मग नवे रबर बसवावे. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. गंज तसाच झाकला तर पाणी मुरून तळाचा पत्राही सडतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते.